उजेड कोणाच्या डोळ्याने मोजायचा?

पोवळं म्हटलं की आपल्याला आठवते ती मंगळाची अंगठी. माझ्या आजीच्या बोटातही आहे, हरभऱ्याएवढं लाल पोवळं. हे दागिन्यातलं पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या कपारीत, खोल पाण्यात वाढतं आणि उजेडावाचून त्याचं काही अडत नाही. पण ज्या प्रवाळांनी लक्षद्वीपसारखी बेटं उभी केली, त्यांची गोष्ट अगदी उलट. त्यांना उजेड म्हणजे जेवण! आणि हे जेवण कोणतं, किती नि कसं वाढायचं, यावर गेल्या सेमिस्टरला आमच्या रांजणगावच्या घरात दोन महिने चर्चासत्र चाललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, रांजणगाव आणि प्रवाळ? बरोबर आहे. आमचं गाव महागणपतीचं आणि एमआयडीसीचं. जवळचं मोठं पाणी म्हणजे घोडनदी. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बोंबलापुरता. पण माझा मामा न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या हॉलमध्ये तीन फुटांची खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. तिच्यात अ‍ॅक्रोपोरा जातीचा एक प्रवाळ आहे, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचा. बारा वर्षांपूर्वी दुकानातून आणला तेव्हा करंगळीएवढा होता, आता जेवणाच्या ताटाएवढा झालाय. मामेबहीण कॉलेजला दूर गेली, मामीची नोकरी दुसऱ्या शहरात. संध्याकाळी मामा घरी येतो तेव्हा घरात जिवंत असं तेवढंच असतं.

तर झालं असं, की पेटीवरच्या सहा टी-फाइव्ह ट्यूब जुन्या झाल्या आणि त्याच्या दुकानदाराकडे नव्या मिळेनात. एलईडी घ्यायचा हे ठरलं, पण कोणता? मामाने तीन दिव्यांची माहिती मला पाठवली आणि लिहिलं, "इंजिनिअरबाई, निवडा! मला तर सगळ्यात पॉवरफुल घ्यावासा वाटतोय. चुकला तर बारा वर्षं आठवड्यात जातील."

आली का पंचाईत! व्हायव्हाला निदान एक्स्टर्नल समोर असतो, चेहरा बघून उत्तर बदलता येतं. इथे समोर एक मुका जीव.

आधी थोडी थिअरी. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. भाडेकरूच म्हणा ना. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी फोटोसिंथेसिस शिकवलं, त्याला 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात हे मला पप्पांनी सांगितलं. तर हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार अन्नाचा मोठा वाटा घरमालकाला भाडं म्हणून देतं. उजेड कमी पडला तर भाडं बंद, प्रवाळ उपाशी. पण उजेड फार झाला, त्यात पाणीही तापलं, तर शैवालाच्या यंत्रणेवर ताण येऊन ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. मग प्रवाळ भाडेकरूलाच बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. म्हणून काचपेटीतला प्रवाळ फिका दिसला की 'उजेड वाढवा' हे उत्तर बहुतेक वेळा उलटं पडतं.

माझे पप्पा आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. कामाच्या जागी पुरेसा उजेड आहे की नाही हे लक्समीटर घेऊन तपासणं हे त्यांच्या कामात येतं. त्यामुळे मी विषय काढल्यावर ते लगेच म्हणाले, "त्यात काय, मामाला म्हणावं लक्समीटर आण."

मी म्हणाले, "पप्पा, लक्स चालत नाही. लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतात."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं मी उजेड मोजतोय असं समजत होतो, तो माणसाला किती दिसतो ते मोजत होतो."

मित्रांनो, इतकी नेमकी व्याख्या आमच्या पुस्तकात नाही! आपल्या डोळ्याने ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला १०० मार्क दिले, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो जेमतेम ४ देतो. म्हणजे ५५५ ला एका वॉटचे ६८३ ल्युमेन आणि ४५० ला साधारण २६. निळ्याला सरळ केटी! आणि शैवालाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो नेमका हाच निळा. कारण पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. स्वच्छ समुद्रात खोलवर पोचतो तो निळा. ज्याला पिढ्यान् पिढ्या जे ताटात मिळालं, त्यावर तो पोसला.

म्हणून प्रवाळासाठी ल्युमेन सोडून पार बघतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, तो हा आकडा. तो मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या उन्हात तो साधारण २००० असतो. पेटीतल्या मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतात, अ‍ॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० द्यावेत, असं हे छंदी लोक मानतात. शिवाय तास मोजायचे. २०० मायक्रोमोल दहा तास दिले तर दिवसाचे ७.२ मोल होतात. (गुणाकार करून बघा, एका ओळीचा आहे.)

आता मामाचे तीन दिवे. पहिला होता शंभर वॉटचा पांढरा फ्लडलाइट, स्वस्त आणि झगझगीत. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळीच चिप असते. तिच्यावर पिवळा फॉस्फर लावून पांढरा उजेड करतात. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तीच ही चिप. पण फॉस्फर बराचसा निळा खाऊन त्याचा पिवळा करतो, आपल्या डोळ्याच्या सोयीसाठी. म्हणून हा दिवा बाद. दुसरा खास प्रवाळांसाठीचा, निळ्या चिपांचा, भिंगं लावलेला, एकच पण जबरदस्त ताकदीचा. हाच मामाला हवा होता. तिसऱ्या पर्यायात तसेच पण कमी ताकदीचे दोन दिवे, वर धुरकट काच.

इथे पप्पांचा अनुभव कामी आला. ते म्हणाले, "सहा ट्यूबचा उजेड सगळीकडून येतो, सावली पडत नाही. एकच दिवा वरून मारला की फांदीच्या खाली अंधार. ऑपरेशन थिएटरमध्ये डोक्यावर एकच बल्ब असतो का?" एवढ्या वर्षांत घट्ट वाढलेल्या त्या फांद्या. वरच्यांची सावली खालच्यांवर पडली असती आणि बुडाकडचं मांस हळूहळू मेलं असतं. तिसरा पर्याय पक्का झाला.

आजी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आपल्या देवळाचंच बघ की." उत्तरायण आणि दक्षिणायन यांच्या मधल्या काळात सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतील अशी महागणपतीच्या देवळाची रचना आहे, असं आमच्याकडे सांगतात. आजीचं म्हणणं, बांधणाऱ्याने आधी देव कुठे बसलाय ते पाहिलं, मग दार केलं. आम्ही दिव्यांच्या किमतींपासून सुरुवात केली होती, आजीने प्रवाळापासून केली!

ही गोष्ट मला आपल्याच किनाऱ्यावर पटली. मागच्या वर्षी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी स्नॉर्कलिंग केलं. पाणी गढूळ, हिरवट, आणि तरीही त्या मंद उजेडात तपकिरी-पिवळे प्रवाळ निवांत बसलेले. तेच विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे पाणी इतकं स्वच्छ की वीसेक मीटर खालीही प्रवाळ वाढतात. महाराष्ट्राचाच समुद्र, पण दोन ठिकाणी दोन ताटं. 'प्रवाळासाठी चांगला दिवा कोणता' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणता प्रवाळ, कुठला, आणि आजवर कोणत्या उजेडात राहिलेला, हे आधी विचारायचं.

जाता जाता हॉस्टेलवाल्यांसाठी एक सूचना. ट्रिपला मालवणला जाल तेव्हा 'एक तुकडा रूमवरच्या फिश टँकला' असा विचारही करू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि प्रवाळखडक रचणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आले, म्हणजे वाघाच्या रांगेत. मामाचा तुकडा तिकडच्या दुकानात पेटीतच वाढवलेला होता.

असो. मामाने तिथल्या मत्स्यछंदी मंडळाकडून पारमीटर उसना आणला. जुन्या ट्यूबखाली प्रवाळाजवळ १८० भरले. नवे दिवे पूर्ण लावले तर त्याच जागी ४१० निघाले. म्हणजे एका रात्रीत दुपटीहून जास्त! पप्पांनी फोनवर सांगितलं, "चाळीस टक्क्यांवर ठेवा. आठवड्याला पाच टक्के वाढवा, त्याहून जास्त नाही." मामा म्हणाला, "दाजी, अहो अंधार वाटतोय. हॉलमध्ये पेपर वाचता येत नाही." पप्पा म्हणाले, "पेपर तुम्हाला वाचायचाय, त्याला नाही."

तिसऱ्या आठवड्यात वरच्या फांद्या जरा फिकट दिसल्या. मामाचा रात्री दीड वाजता फोन, वाढवू का? आम्ही आकडे मागवले. १८५ होते, उजेड कमी नव्हताच. मग तीन आठवडे काहीही न करण्याचं काम केलं. मेंटेनन्समधलं सगळ्यात अवघड काम हेच असतं, असं पप्पा म्हणतात. रोजचा आकडा ते शिफ्टच्या रजिस्टरसारखा वहीत लिहीत होते, मराठीत, तारीख-वारासकट. रंग हळूहळू परत आला.

गेल्या रविवारी मामा पुन्हा घाबरला होता. "दाजी, टोकं पांढरी दिसताहेत!" पप्पांनी शांतपणे विचारलं, "टोकंच, की बूडही?" बूड तपकिरी होतं, पांढरी फक्त टोकं. अ‍ॅक्रोपोराची फांदी वाढते तेव्हा टोकाच्या नव्या भागात शैवाल अजून राहायला आलेलं नसतं, म्हणून तो पांढरट दिसतो.

पप्पांनी वहीत त्या तारखेसमोर लिहिलं : 'वाढ सुरू.'

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)