आमच्या दोन घरांतले चार कॉम्प्युटर

गेल्या आठवड्यात मुलाने जेवताना विषय काढला. "आई, आपला लॅपटॉप आता जुना झाला. विंडोज दहा बंद झालं. नवा घेऊया." तो आठवीत. त्याच्या मते पाच वर्षं म्हणजे लॅपटॉपचं म्हातारपण. मी "बघूया" म्हटलं आणि ताट उचललं. पण रात्री झोप लागेना. माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, सासर डिचोलीचं. या दोन घरांत मिळून बावीस वर्षांत चार कॉम्प्युटर झाले. त्यातला एक बदलताना माझ्याकडून जे झालं, ते आजवर नवरा आणि भाऊ सोडून कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते.

पहिला कॉम्प्युटर आला २००३ साली. मी अकरावीत होते. मनोहर पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत सायबरएज योजना सुरू झाली होती. अकरावीतल्या मुलांना सवलतीत घरी कॉम्प्युटर मिळायचा. आमच्या वाड्यावर त्याआधी कॉम्प्युटर कुणाच्याच घरी नव्हता. भाड्याच्या रिक्षातून खोके आले तेव्हा शेजारची माणसं अंगणात जमली. आईने हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि मगच बाबांनी बटण दाबलं. तो जड पाठीचा काचेचा मॉनिटर, विंडोज ९८, १२८ एमबी रॅम आणि ४० जीबीची हार्ड डिस्क. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "ही डिस्क तुमच्या जन्मात भरायची नाही."

वसरीत एका कोपऱ्यात त्याची जागा झाली. आईने त्याला क्रोशाचं झाकण केलं. पेडण्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ढग गुरगुरले की घरातलं कुणी तरी ओरडायचं, "वायर काढा!" जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी तो चालू ठेवायचा, नाही तर आत ओल धरते, असं कुणी तरी सांगितलेलं. एकदा मुंग्यांनी सीपीयूत घर केलं. तरीही तो चालला.

खरं तर तो माझ्यासाठी आला होता, पण झाला बाबांचा. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. गावच्या जत्रेला नाटक बसवायचं, त्यासाठी स्वतः नाटक लिहायचं, तालमी घ्यायच्या, हे त्यांचं वेड. आमच्याकडे दशावतार आणि नाटक लोकांच्या रक्तातच आहे, ते वेगळं सांगायला नको. आधी ते शाळेच्या वहीत लिहायचे आणि प्रत्येक नटासाठी हाताने नकला काढायचे. कॉम्प्युटर आल्यावर म्हापशाहून कुणाकडून तरी मराठी फॉन्ट आणला आणि दोन बोटांनी टाईप करायला शिकले. एक पान लिहायला एक तास. रात्री दहानंतर वसरीतून टक टक आवाज यायचा. आई म्हणायची, "सुतारपक्षी बसला."

२००८ साली भाऊ अकरावीत गेला आणि दुसरा कॉम्प्युटर आला. मॉनिटर आता चपटा. घरात दोन झाले. नवा भावाचा, जुना बाबांचा. बाबांना नव्याचा मोह कधीच नव्हता. भावाने त्यांचा फॉन्ट नव्यातही घालून ठेवला, पण बाबा जुन्यावरच बसायचे. "याची कळ मला कळते," म्हणायचे.

२०११ मध्ये माझं लग्न होऊन मी डिचोलीला आले. ते दिवस खाणींच्या तेजीचे. खनिज चीनला जात होतं आणि आमच्या भागातल्या घरटी एक-दोन ट्रक उभे होते. आमचाही एक होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला. नवरा पहाटे निघायचा, खाणीवरून जेटीपर्यंत ट्रिपा मारायचा. सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लाल धुळीने माखलेल्या असायच्या. म्हणून त्याच वर्षी म्हापशाला जाऊन आम्ही कॉम्प्युटर जुळवून घेतला. ट्रिपा, डिझेल, टायर, हप्ता, सगळं मी एक्सेलमध्ये घालायचे. दोन घरांतला हा तिसरा कॉम्प्युटर, आणि योजनेशिवाय स्वतःच्या पैशांनी घेतलेला पहिला.

आता सप्टेंबर २०१२. त्या वर्षी चवथ १९ तारखेला होती. तिच्या आठवडाभर आधी सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. आमचा ट्रक अंगणात उभा राहिला. पुढचा हप्ता कुठून द्यायचा, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. अशा मनःस्थितीत मी आठ महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन चवथीच्या साफसफाईला आईच्या मदतीला पेडण्याला गेले. माटोळी बांधायची, भिंती झाडायच्या, वसरी रिकामी करायची.

बाबांचा जुना कॉम्प्युटर गेले तीन महिने धड चालू होत नव्हता. पाच वेळा बटण दाबलं की एकदा चालू व्हायचा. तारीख दर वेळी मागच्या शतकात जायची. आतली बटणासारखी छोटी बॅटरी संपली होती एवढंच, हे मला आज कळतं. शंभर रुपयांच्या आत काम झालं असतं. तेव्हा मला फक्त धूळ खात पडलेली अडगळ दिसत होती. बाबांना म्हटलं, "तुमचं सगळं पेन ड्राईव्हवर घेते आणि भावाच्या कॉम्प्युटरवर घालते. हा काढूया."

बाबा भजनाला निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "सगळं काढलंस ना, बाय?"

मी म्हटलं, "होय बाबा."

मी 'माय डॉक्युमेंट्स' उघडलं होतं. त्यात नाटकांच्या फाईली दिसल्या, त्या घेतल्या. डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. डी मी उघडून पाहिलाच नाही. मुलगा रडत होता, डोक्यात ट्रकचा हप्ता होता. ही कारणं झाली. खरं एवढंच की मी बघितलं नाही आणि होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मॉनिटर, सीपीयू आणि कीबोर्ड मिळून दीडशे रुपये. त्याच वर्षी मे महिन्यापासून देशात ई-कचऱ्याचे नियम लागू झाले होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ते असं कुठेही फोडायचं नसतं. पण आमच्याकडे तेव्हा भंगार म्हणजे भंगार. मी दीडशे रुपये आईच्या हातात दिले आणि तिने त्याचे नारळ आणले.

बाबा पुढे भावाच्या कॉम्प्युटरवर बसू लागले, पण कमी. पुढल्या वर्षांत कधीही माहेरी गेले की ते वहीत लिहिताना दिसायचे. मी विचारायचे, "नवं नाटक?" ते म्हणायचे, "लिहितोय काय तरी." मला बरं वाटायचं, म्हातारपणी छंद आहे म्हणून.

इकडे डिचोलीला आमचा २०११ चा कॉम्प्युटर आम्ही बदलला नाही. बदलणार कशाने? खाणी पुन्हा थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. शेवटी ट्रक विकला. एक्सेलमधली ती फाईल तशीच राहिली, शेवटच्या ट्रिपेची तारीख असलेली. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, तरी आमच्याकडे एक्सपीच चाललं. एकदा एसएमपीएस जळला, तो जुना आणून बसवला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले तेव्हा म्हापशाच्या मेकॅनिकने चार बदलून दिले. रॅम वाढवली, पंखा बदलला. सासूबाई म्हणायच्या, "आता यातलं मूळचं काय उरलं गो?" नऊ वर्षं काढली आम्ही त्याच्यावर.

२०१९ मध्ये बाबा गेले. भावाचा २००८ चा कॉम्प्युटर त्याआधीच बंद पडला होता आणि भाऊ नोकरीसाठी पुण्याला.

मग आलं २०२०. मुलगा तिसरीत. शाळा मोबाईलवर. सत्तरीकडची मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. आमच्याकडे रेंज होती पण कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता, आणि एकच मोबाईल नवऱ्याबरोबर जायचा. शेवटी एका ओळखीच्याकडून वापरलेला लॅपटॉप घेतला. हा चौथा. त्या बंद दिवसांत घर आवरताना मला तो २०१२ चा पेन ड्राईव्ह सापडला. लावला. फाईली उघडल्या आणि आत नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटसुलट चिन्हं. वाटलं, सगळं खराब झालं.

मुलाच्या शाळेतल्या एका बाईंना फोनवर सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, "खराब काही झालेलं नाही हो. जुने मराठी फॉन्ट असेच असायचे. आतमध्ये इंग्रजी अक्षराचा नंबर, वर मराठी अक्षराचं चित्र. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये बदलून घ्या." त्यांनीच ते कसं करायचं ते दाखवलं. संध्याकाळी बाबांचं वाक्य पडद्यावर आलं. जोडाक्षरं थोडी मोडलेली, रफार चुकलेले, पण बोलणं त्यांचंच. मी आणि नवरा रात्री एकपर्यंत वाचत बसलो. तीन नाटकं.

सकाळी आईला फोन केला. ती खूश झाली. मग म्हणाली, "पण नाटकां पांच न्हय गो?"

मला काही सुचेना. तेव्हाच मला तो डी आठवला.

त्या वर्षी चवथीला गेले तेव्हा आईने पेटीतून शाळेच्या तीन जाड वह्या काढून दिल्या. बाबांचं अक्षर. पहिल्या दोन वह्यांत चौथं नाटक, पूर्ण. तिसरीत पाचवं, दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत. पुढे कोरी पानं. भावाच्या कॉम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट होता, म्हणजे तिथे त्यांना फाईली नीट दिसत होत्या. पाचातल्या तीनच आल्या हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. आईला विचारलं, "मला सांगितलं का नाही त्यांनी?" आई म्हणाली, "तुझा ट्रक उभा होता तेव्हा. म्हणाले, तिला आणखी कशाला." मी ज्याला नवं नाटक समजत होते, ते सात वर्षं बाबा आठवून आठवून जुनं लिहीत होते.

ती नाटकं मी आता युनिकोडमध्ये टाईप केली आहेत. दोन बोटांनीच. पाचवं अर्धंच आहे. गावातल्या एका नटाला त्यातली शेवटच्या प्रवेशाची चार-पाच वाक्यं पाठ आहेत, ती शेवटी वेगळी लिहून ठेवली.

कॉम्प्युटर किती वर्षांनी बदलावा? ऑफिसात चार-पाच वर्षांचा हिशेब धरतात. आमच्या घरांत तो हिशेब कधीच चालला नाही. अकरावी आली म्हणून एक आला, दुसरी अकरावी आली म्हणून दुसरा. ट्रक चालत होता म्हणून तिसरा, शाळा बंद झाली म्हणून चौथा. तुमच्याकडेही बहुधा असंच असेल.

मुलाला मी खरं ते सांगितलं. विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बरोबर. आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर जुना, त्यावर अकरा चढत नाही हेही बरोबर. पण नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळतात, आणि त्यानंतर लिनक्स घालता येतं. साल २००० च्या सुमारास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर लिनक्सवर आपल्या शाळांत चालवलेच होते. तेव्हा दहावीपर्यंत हाच चालवू. अकरावीला नवा घेऊ. आमच्या घराची रीतच आहे ती.

आणि तो नवा येईल तेव्हा जुना लगेच हलणार नाही. महिनाभर दोन्ही शेजारी राहतील. सी, डी, डेस्कटॉप, सगळं उघडून बघायचं, नव्यावर प्रत्येक फाईल उघडून वाचून घ्यायची, फॉन्टसुद्धा घ्यायचे. ज्याच्या फाईली आहेत त्याला शेजारी बसवायचं आणि त्यानेच "झालं" म्हणायचं. दुसऱ्याने नाही. मग डिस्क काढून ठेवायची आणि बाकीचं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यायचं.

तुमच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली जुना सीपीयू पडला असेल तर या चवथीच्या आधी तो एकदा उघडून बघा. त्यात वडिलांचं काही असेल, आणि वडील असतील, तर त्यांना विचारा. आमच्याकडे पाचव्या नाटकाचा शेवट काय होता, हे आता कुणालाच माहीत नाही.