शिवेवरचा वाघ

आश्विन वद्य द्वादशीला नाशिकला आमच्या घरी वसुबारस, गाय-वासराला ओवाळायचे. त्याच दिवशी सावळघाटापलीकडे, पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, महादेव कोळी, वारली पाड्यांवर वाघबारस असते, हे मला फार उशिरा कळले!

तिथे शिवेवर वाघदेव उभा असतो. लाकडी फळीवर वाघ, साप, चंद्र, सूर्य कोरून शेंदूर फासलेला. गुराखी पोरे घरोघर शिधा मागून नैवेद्य करतात. मागणे एवढेच की, बाबा, आमच्या गुरांकडे वळू नकोस. आम्ही गाय पुजतो, ते गाईला खाणाऱ्याला! प्रथम हसू आले. पण गुरे रानात नेणाऱ्याने दुसरे करावे तरी काय?

दूर अलास्कात ट्लिंगिट लोकही असेच लाकडी खांब कोरतात. मात्र त्यांवरचा डोमकावळा किंवा लांडगा ही एकेका कुळाची खूण. वाघदेव साऱ्या गावाचा.

या डोंगरांत पट्टेरी वाघ आता दिसत नाही. बिबट्या मात्र नाशिकच्या वस्तीतही शिरतो. मग आम्ही वनखात्याला फोन करतो, पिंजरा येतो. सुरगाण्याच्या एका म्हाताऱ्याने मला विचारले, "तुमच्या शिवंवर वाघदेव नाही का?"

आमची शीव कुठे आहे, हेच मला सांगता येईना.