पिवळे दात आणि रात्रीचं औषध



माझे दात तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले आहेत. पिवळट-तपकिरी, मध्ये आडवे करडे पट्टे. मला बघायला आलेल्या एका बाईंनी आक्काला, म्हणजे माझ्या आईला, हळूच विचारलं होतं, "मुलगी मिश्री लावते काय हो?" जैनाच्या घरात तंबाखूची मिश्री! ते स्थळ गेलंच, पण त्यानंतर आक्का रोज सकाळी मीठ, कोळसा, लिंबू घेऊन माझ्यामागे लागायची. "नीट घासत नाहीस," हे मी लग्नापर्यंत ऐकलं. फोटोत मी ओठ मिटूनच असते.

गंमत म्हणजे माझे दुधाचे दात पांढरेशुभ्र होते. सातव्या वर्षी नवे दात आले ते असे.

पंचेचाळिशीत एक दाढ काढायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "लहानपणी मोठं आजारपण झालं होतं का?" झालं होतं. तिसऱ्या वर्षी न्यूमोनिया. त्या काळी टेट्रासायक्लीन जातीची औषधं लहान मुलांनाही सर्रास देत. या जातीतलं पहिलं, ऑरिओमायसिन, 1948 साली आलं. नावातच सोनं, कारण ते बनवणारा मातीतला जीव सोनेरी रंगाचा. हे औषध कॅल्शियमला चिकटतं. हिरड्यांच्या आत दात घडत असताना कॅल्शियमबरोबर तेही दातात जाऊन बसतं आणि दात बाहेर आला की उजेडानं पिवळ्याचं तपकिरी होतं. तिसऱ्या वर्षी माझे दुधाचे दात घडून झाले होते, पुढचे कायमचे दात मात्र आत तयार होत होते. डाग वरचा नव्हताच, मग लिंबानं काय जाणार? उलट आंबटानं वरचं कवच झिजतं. हल्ली साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना हे औषध शक्यतो टाळतात.

घरी येऊन आक्काला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे मीच पाजलं की गं."

मग तिनं प्रथमच सांगितलं. औषध दर सहा तासांनी होतं. सूर्यास्तानंतर आमच्या घरात पाण्याचा थेंब कुणी घेत नसे आणि आजी फार कडक. आक्का रात्री चूल न पेटवता, दिवा बारीक करून, मला मांडीवर घेऊन चमचा पाजायची. मी उठून खेळायला लागल्यावर तिनं बस्तीत महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त मागितलं आणि तीन उपवास केले. माझ्या दातांवरून ती मला बोलत होती, पण हे मात्र कधी बोलली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाच्या नातवाला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक म्हणताच मी सुनेला म्हटलं, "नको, थांबू या." माझ्या दातांची भीती माझ्या तोंडून बोलत होती. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हे अमॉक्सिसिलीन आहे, टेट्रासायक्लीनसारखं ते दातातल्या कॅल्शियमला चिकटत नाही, आणि थांबण्यासारखी मुलाची छाती नाही. मी गप्प बसले.

पहिला डोस द्यायला रात्रीचे दहा वाजले. सून बाटली हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी चमचा धुऊन आणला.