पितळेचं पातेलं

आमच्या माळ्यावर एक पितळेचं पातेलं आहे. अम्मी ते वापरत नाही आणि मोडीतही घालू देत नाही. आम्हा तिघा भावंडांना कारण ठाऊक होतं, पण घरात त्यावर कधी बोलणं होत नसे.

आमच्या आधी एक भाऊ झाला होता. वर्षाचा व्हायच्या सुमारास तो किरकिरा झाला, पोट फुगलं, मग डोळे पिवळे पडले. ‘बाळाला लिव्हर झालंय’ असं तेव्हा सर्रास म्हणत. मद्रासकडच्या औषधाच्या बाटल्या झाल्या, दम झाला, तावीज झाला, पन्हाळ्यावरून कोल्हापूरला फेऱ्या झाल्या. दीड वर्षाचा होण्याआधीच तो गेला. अम्मीला दूध कमी होतं, म्हणून तो पहिल्यापासून म्हशीच्या दुधावर होता. सुनेला दूध आलं नाही, तिथंच सगळं बिघडलं, असं दादी मरेपर्यंत म्हणत राहिली. ते दूध याच पातेल्यात तापायचं. त्याची अम्मीजवळ राहिलेली वस्तू ती एवढीच.

गेल्या ईदला आमची भाची आली होती. ती औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते, विषय यकृताचा. संशोधकाचं वजन कसं मोजतात ते तिनं आम्हाला समजावलं. किती लेख छापले आणि इतरांनी आपल्या लेखांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, यावर सगळं ठरतं. २००५ साली हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या पदार्थवैज्ञानिकानं त्यासाठी एक आकडा काढला: ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. नेमणुका आणि बढत्यांच्या वेळी हा आकडा पाहिला जातो. आम्ही दोघी बहिणी शाळेत शिकवतो, तेव्हा गुणांच्या तक्त्यात माणूस बसवण्याची ही हौस आम्हाला नवी नाही.

बोलता बोलता ती म्हणाली, “खाला, पुण्याचे काही लेख वाचले. लहान मुलांच्या लिव्हरचे. आता त्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही, कारण तो आजारच उरला नाही.”

आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिला ते लेख मागवायला सांगितले आणि मराठीत समजावून घेतले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हे काम केलं. या मुलांच्या यकृतात तांबं साठतं, हे १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. निरोगी यकृतात सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांत ते कित्येकदा हजाराच्या वर निघे. हे तांबं येतं कुठून? त्याचा माग १९८३ च्या लेखात स्वयंपाकघरापर्यंत पोचला. आजारी मुलांना अगदी लहानपणापासून वरचं दूध मिळालं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं वा ठेवलेलं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं ओढून घेतं. भांड्याला आतून कल्हई असेल तर कथलाचा थर मध्ये येतो. आईच्या दुधात मात्र तांबं बेताचंच असतं.

भांडं बदला, एवढाच उपाय होता. दवाखान्यांतून तो सांगितला गेला, स्टील आणि ॲल्युमिनियमही घराघरांत आलं, आणि नव्वदच्या दशकात पुण्याकडे ही मुलं दिसेनाशी झाली. रोग गेला की त्याच्यावरचे नवे लेख थांबतात, आणि जुन्यांचे उल्लेखही. भाचीच्या तक्त्यात हे काम फॅटी लिव्हरवरच्या लेखांच्या कितीतरी खाली बसेल. दुआमध्ये आपण इल्म-ए-नाफे मागतो, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान. त्याला हिर्शच्या आकड्यात रकाना नाही. भाचीला हे आम्ही बोलून दाखवलं, तर ती हसली, “नोकरी देणाऱ्यांना सांगा.” तिचंही चूक नाही.

खरा वाद पुढेच होता. अम्मीला सांगायचं का? आमच्या भावाला नेमका हाच आजार होता, हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही. भाऊ म्हणाला, दादीच्या बोलण्यातून सुटेल आणि पातेल्याच्या ओझ्याखाली जाईल. धाकटी म्हणाली, चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती स्वतःच्या दुधाला दोष देतेय, तो तरी उतरू दे. दोन महिने आमचं ठरेना. शेवटी सांगितलं, आणि ऑस्ट्रियातल्या टायरोलचंही सांगितलं. तिथं १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं दगावली होती. गाईचं दूध साखर घालून कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवायची तिथली रीत होती. भांडी बदलली आणि आजार थांबला.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या साली पाऊस लवकर लागला. कल्हईवाला दिवाळीपर्यंत गडावर चढलाच नाही.” तिला सगळं आठवत होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्या पुण्याच्या डॉक्टरांना हे कळलं कसं?”

आम्ही म्हणालो, त्यांनी आयांना विचारलं. दूध कशात तापवता, कधीपासून पाजता.

“मला कुणी विचारलं नाही,” अम्मी म्हणाली. “विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

पातेलं अजून माळ्यावरच आहे.