मोडक्या सायकलीचा बैल

दोस्तांनो, परभणी जिल्हा पाहायचाय? मग श्रावणातल्या अमावस्येला, पोळ्यालाच जा! मनमाडहून निघालेली गाडी सेलू, मानवत रोड मागे टाकत परभणीला येते. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि हिरवीगार शेतं. गावागावांत रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं. ज्यांच्या दारात बैल नाही, ते मातीचे बैल पुजतात. ट्रॅक्टर आले तशा बैलजोड्या कमी झाल्या. त्यामुळे मातीच्या बैलांचा मान वाढलाय, बरं का!

पण बैल मातीचाच हवा असं कुठंय? १९४२ साली पाब्लो पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराला भंगारात सायकलचं जुनं सीट आणि हँडल दिसलं. त्यानं सीटचं निमुळतं टोक खाली धरलं, वर हँडल जोडलं. झालं! खाली बैलाचं तोंड, वर शिंगं. बाकी काही नाही. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयाकडे हे शिल्प आहे.

आता तुमच्या खेळाच्या मैदानाचा कोपरा बघा. फाटका फुटबॉल? अर्धा कापून पालथा घाला, कासवाची पाठ! मोडके स्टंप? हरणाचे पाय! बॅडमिंटनचं पिसं झडलेलं फूल? चिमणीची शेपटी! तारेनं बांधा, रंग द्या. कापायचं काम मात्र मोठ्यांकडून करून घ्या. गंजका पत्रा हाताला लागला तर वाईट.

आणि सायकल सापडली, तर तिचा बैलच करा. बैलाचा चेहरा परभणीच्या पोरांइतका कुणाला पाठ असणार? यंदाच्या पोळ्याला मातीच्या बैलांशेजारी त्यालाही बसवा. नैवेद्य दाखवायला विसरू नका हं!