चाप

आमच्या मुलुंडच्या घरात चाप पूर्वी दोनच ठिकाणी असायचे. एक मुलीच्या केसांना आणि दुसरा माझ्या खर्चाला. मुलगी नेमबाजी करू लागली आणि तिसरा चाप घरात आला : पॉइंट टू टू सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचा. (परवान्याच्या खेपांबद्दल इथे लिहीत नाही, तो कादंबरीचा विषय आहे.) मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तिच्या पंजाच्या मापाने तासलेली. मी धरली, तर दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं वाटलं.

तिच्या २५ मीटरच्या प्रकारात चाप निदान १००० ग्रॅमचा लागतो. तपासणीला रिकाम्या पिस्तुलाची नळी आभाळाकडे धरतात, चापाला एक किलोचं वजन अडकवतात आणि टेबलावरून अलगद उचलतात. वजन उचललं गेलं तर पास, 'टक्' वाजलं की नापास. आमच्या वाण्याचं किलो ९५० च्या वर गेलेलं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे मुंबईत कुठेतरी किलो म्हणजे किलोच, याचं मला भारी अप्रूप वाटलं.

पण बापाचं मन! दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य समोर राहतं ३ सेकंद. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा आणि एवढ्याशा बोटाने किलोभर ओढायचं!

"अगं, जरा हलका करून घे ना."

"बाबा, तो आधीच काठावर आहे."

"काठावर पास झालेले पुढे मंत्री होतात!"

आठवडाभर माझी कटकट ऐकून तिने रेंजवरच्या उस्तादांकडून स्क्रू किंचित सैल करून घेतला.

स्पर्धेच्या सकाळी लोकलमध्ये मी शेजाऱ्याला सांगत होतो, की २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्णपदक मिळवलं. शेजारी झोपला होता. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

तपासणीचं टेबल. टक्. पुन्हा एकदा. टक्.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाजूला जाऊन स्क्रू आवळला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. तिसऱ्यांदा वजन हळूहळू टेबलावरून सुटलं, वर आलं. माझा श्वास मात्र बराच वेळ खालीच होता.

त्या दिवशी ती सहावी आली. परतताना ठाण्याची स्लो मिळाली. घाटकोपर गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, पुढच्या वेळी तुम्ही फक्त डबा आणा."

"बरं."

"आणि तो हलका नको."