पासपोर्टचा जामीनदार

थोडं मोठं लिहितेय. इथे किचनर-वॉटर्लूमध्ये नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग होईल, आणि जुन्या मंडळींकडे एक मागणंही आहे.

गेल्या वर्षी मी कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे त्या क्षणापासून माझा भारतीय पासपोर्ट प्रवासाला चालेनासा झाला. इथला अजून काढायचा होता. बरोबर अकरा दिवसांनी साताऱ्याहून भावाचा फोन आला: आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल.

त्याच रात्री पासपोर्टचा फॉर्म काढला. फी, फोटो, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, सगळं तयार. अडलं ते गॅरंटरपाशी. पहिल्यांदा पासपोर्ट काढताना एक माणूस लागतो, जो तुम्हाला किमान दोन वर्षं प्रत्यक्ष ओळखतो आणि ज्याच्याकडे कॅनडाचा प्रौढांचा पासपोर्ट आहे. त्याची मुदत संपलेली असली तर एक वर्षाच्या आतच. शिवाय दोन रेफरन्स लागतात, पण त्यांना पासपोर्टची अट नाही.

वहीत नावं लिहायला बसले. पहिलं नाव शेजारच्या मैत्रिणीचं. चार वर्षांची ओळख, माझ्या घराची किल्ली तिच्याकडे. पण ती पीआरवर, म्हणजे रेफरन्स चालेल, गॅरंटर नाही. दुसरा माझा सुपरवायझर. इथेच जन्मलेला, तीन वर्षं रोज एकत्र काम. त्याचा पासपोर्ट संपून दोन वर्षं झालेली. म्हणाला, "मला कुठे जायचंय?" त्याआधी मी विनिपेगला होते, तिथले ओळखीचे सगळे माझ्यासारखेच नवे. ज्यांच्याकडे पासपोर्ट होता, त्यांची ओळख सहा-आठ महिन्यांची.

उरले एक काका. गणपतीत दर वर्षी भेटणारे, नेहमी घरी बोलावणारे. सगळ्या अटींत बसणारे. त्यांना फोन केला तर गप्पच झाले. मग म्हणाले, "बाळा, राग मानू नकोस, पण जामीन कुणालाच राहायचं नाही असं ठरवलंय. गावाकडे पतसंस्थेत एकदा राहिलो होतो. कर्ज त्याने घेतलं, हप्ते मी फेडले."

मला राग आला नाही. माझ्या वडिलांनीही असेच कुणाचे तरी हप्ते फेडलेत. आपल्याकडे जामीनदार म्हटलं की नोटीस डोळ्यांसमोर येते. पण त्या क्षणी समजावून सांगायला मला सुचलं नाही. फोन ठेवला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या गृहस्थांनी स्वतःहून सांगितलं, "मी सही करतो. आठ महिन्यांच्या जागी दोन वर्षं लिहू. कोण बघतंय?" खोटं कशाला बोलू, मोह झाला. आई तिकडे खाटेवर. पण शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि माझा पहिलाच सरकारी कागद खोटा? शिवाय पासपोर्टवाले गॅरंटरला फोन करून विचारू शकतात. त्यांनाही अडचणीत आणलं असतं. नाही म्हणाले.

शेवटी काउंटरवर जाऊन सरळ सांगितलं, माझ्याकडे गॅरंटर नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे दुसरा फॉर्म सांगितला: पीपीटीसी १३२. गॅरंटरऐवजी शपथपत्र. गॅरंटर का मिळत नाही ते लिहायचं आणि शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर, म्हणजे नोटरी किंवा कमिशनर ऑफ ओथ्ससमोर, सही करायची. हे काम बऱ्याच सिटी हॉलमध्येही होतं. मग पासपोर्ट आला, त्यानंतर भारताचा व्हिसा. साताऱ्याला पोचायला पाच आठवडे लागले. ऑपरेशन होऊन गेलं होतं. आई वॉकर धरून दारात उभी होती. म्हणाली, "आलीस ना, झालं तर."

माझी तक्रार कुणा कर्मचाऱ्याबद्दल नाही. हा चेहरा याच नावाचा आहे असं कुणीतरी सांगायला हवं, हेही पटतं. २००७ पर्यंत तर गॅरंटर डॉक्टर, वकील अशा ठरावीक पेशांतलाच लागायचा. आताचा नियम त्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. पण नव्या माणसाला जवळून ओळखतात ती बहुतेक नवीच माणसं, आणि नेमकी त्यांचीच ओळख इथे धरली जात नाही. ज्या मैत्रिणीकडे माझ्या घराची किल्ली आहे, तिची सही चालत नाही. निदान शपथपत्राचा दुसरा रस्ता आहे हे तरी माणसाला अडल्यावर काउंटरवर कळू नये. शपथविधीच्या दिवशीच सांगा की.

आता जुन्या मंडळींना. पासपोर्टचा गॅरंटर म्हणजे कर्जाचा जामीन नव्हे. पुढे त्या माणसाने काय केलं, किती उधारी केली, याच्याशी तुमचा संबंध नाही. तुम्ही एवढंच सांगता की मी याला दोन वर्षं ओळखतो आणि फोटोतला माणूस हाच. फॉर्मवर तुमच्या पासपोर्टचा तपशील आणि सही, एका फोटोच्या मागे सही. ते खरं असलं की तुमची जबाबदारी संपली.

आणि नव्यांना: घरातलं माणूसही गॅरंटर चालतं. नवरा-बायकोपैकी एकाचा पासपोर्ट आला की तो दुसऱ्याला सही देऊ शकतो. गरज पडायची वाट बघू नका, शपथ झाली की लगेच अर्ज करा. कोणीच नसेल तर शपथपत्राचं विचारा.

गेल्या महिन्यात त्या शेजारच्या मैत्रिणीचीही शपथ झाली. तिच्या फोटोमागे सही मी केली. दोन मिनिटं लागली. ज्यांना मी दोन वर्षं ओळखते, त्यांनी बिनधास्त फोन करा. काल ओळख झालेल्यांनीही करा, सही देता येणार नाही, पण फॉर्म भरायला बरोबर बसेन.